आभाळात त्याच जागी येणारे काळे ठिपके: मिररलेसच्या सेन्सरवरची धूळ, भंडारा आणि गुलाल

बेळगावजवळच्या राजहंसगडावरून सूर्यास्त घेतला, एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान ठेवून (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितलं तर आभाळात पाच-सहा राखाडी ठिपके. पुढच्या फोटोतही तेच, त्याच जागी. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावरची जत्रा, चिंचलीची मायाक्का, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन, उसाच्या हंगामात पाचट पेटवलेलं शिवार यांपैकी काहीही झालं की आठवड्याभरात हीच तक्रार घेऊन मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे समोर येतात. दुरुस्ती बहुतेक वेळा फुकट किंवा पाच-सहाशे रुपयांत होते. नुकसान होतं ते घाईघाईने सेन्सरला, म्हणजे लेन्सच्या मागे प्रकाश टिपणाऱ्या भागाला, ओला कापूस लावल्यामुळे. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

लक्षणं

ठिपका गोलसर, राखाडी किंवा काळपट, कडा थोड्या मऊ. कधी केसासारखी वाकडी रेघ. आभाळ, भिंत, धुकं, पाणी अशा सपाट भागात उठून दिसतो. झाडीत, गर्दीत हरवतो. एफ २.८ ला घेतलेल्या पोर्ट्रेटमध्ये नाही, एफ ११ च्या पुढे आहे. लेन्स बदलली तरी आहे. कॅमेरा उभा धरला तर ठिपकाही चौकटीबरोबर फिरतो. हे सगळं जुळलं तर सेन्सरवर कण आहे.

यासारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गोष्टी आधी बाजूला काढा, नाहीतर सेन्सर उगाच घासला जाईल.

लाल, हिरवा किंवा निळा, टाचणीच्या टोकाएवढा चमकता बिंदू, तोही रात्रीच्या किंवा लांब एक्स्पोजरच्या फोटोत: हा हॉट पिक्सेल. छिद्र लहान-मोठं केल्याने तो बदलत नाही. मेनूत ‘पिक्सेल मॅपिंग’ असेल तर एकदा चालवा.

मिरवणुकीत फ्लॅश मारल्यावर हवेत तरंगणारे पांढरे गोळे: हवेतल्या गुलालावर फ्लॅशचा प्रकाश उलटून आलेला असतो. प्रत्येक फोटोत जागा वेगळी असते. कॅमेऱ्यात काही बिघाड नाही.

डीजेच्या रात्रीनंतर फोटोत आडवी किंवा उभी रंगीत रेघ, किंवा रंगीत बिंदूंचा पुंजका: हे लेझरने सेन्सर भाजल्याचं लक्षण आहे. साफ करून जात नाही. विसर्जन मिरवणुकीत लेझरचा झोत थेट लेन्समध्ये येतोय असं दिसलं तर कॅमेरा लगेच खाली करा. मिररलेसमध्ये लेन्सला टोपण नसेल आणि कॅमेरा चालू असेल तर सेन्सर सतत उघडाच असतो, बटण दाबलं नसलं तरी.

सगळा फोटोच दुधाळ, प्रकाशासमोर कॉन्ट्रास्ट गेलेला: लेन्सच्या आत बुरशी किंवा धूसरपणा. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतील. तो वेगळा विषय, इथे थांबा.

मिररलेसलाच हे जास्त का

जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी पुढे आरसा आणि मागे मिटलेलं शटर असायचं. मिररलेसमध्ये आरसा नाही आणि बऱ्याच मॉडेलांत शटर उघडंच राहतं. अंतरही कमी. माउंट म्हणजे लेन्स बसते ती कडी: कॅननच्या जुन्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत होता, आरएफमध्ये २०, निकॉनच्या एफ माउंटला ४६.५, झेडला १६. सोनी ई माउंटला १८. लेन्स काढली की सेन्सर अक्षरशः दारात बसलेला असतो.

काही कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटतात. कॅनन ईओएस आर ते आपोआप करतो, सोनी ए ७ फोरमध्ये ते मेनूतून चालू करावं लागतं. तुमच्या मॉडेलात ही सोय असेल तर आजच चालू करा. मात्र ती मिटलेली पाती फार नाजूक असतात. बोट लागलं की वाकतात, आणि धुळीचा प्रश्न शटर बदलण्याच्या प्रश्नात बदलतो.

कण थेट पिक्सेलवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे फिल्टरची काच असते, तिच्यावर बसतो आणि आपल्याला दिसते ती त्याची सावली. ५० मिलिमीटर लेन्सचं छिद्र एफ २.८ ला सुमारे १८ मिलिमीटर असतं, एफ १६ ला जेमतेम ३. मोठ्या छिद्रातून प्रकाश चहूबाजूंनी येतो, सावली पसरून विरते. लहान छिद्रातून तो जवळपास एकाच दिशेने येतो आणि सावली साधारण सहापट रेखीव पडते. भर उन्हात काठी रोवली तर सावली काटेकोर, ढगाळ दिवशी पुसट, तसंच हे.

पहिली तपासणी: व्ह्यूफाइंडर आणि पडदा

खर्च शून्य. ठिपका फक्त डोळा लावल्यावर दिसतो आणि फोटोत नाही? मग घाण व्ह्यूफाइंडरच्या काचेवर आहे. मायक्रोफायबरने पुसा आणि विषय संपला. ज्याच्यावर फोटो बघताय तो मोबाईल किंवा मॉनिटरही पुसून घ्या. हे सांगावं लागतं, कारण मॉनिटरवरच्या डागासाठी सेन्सर साफ करायला आणलेले कॅमेरे असतात.

दुसरी तपासणी: परीक्षेचा फोटो

पुढचं सगळं याच फोटोवर अवलंबून आहे, म्हणून नीट घ्या. मोड ए किंवा एव्ही (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो). आयएसओ १००. छिद्र एफ १६. एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. फोकस हाताने, आणि मुद्दाम चुकीचा: आभाळाकडे रोखणार असाल तर सर्वांत जवळचा, भिंतीकडे रोखणार असाल तर अनंत. झूम असेल तर लांबच्या टोकाला. पांढरी भिंत, एकसारखं आभाळ किंवा लॅपटॉपवरची रिकामी पांढरी खिडकी चालेल. घरात शटर अर्धा-एक सेकंद येईल. तेवढ्या वेळात कॅमेरा हळूच गोल फिरवा. भिंतीचे खडबडीत डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे कण तेवढे जागच्या जागी राहतात. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद.

फोटो १०० टक्के मोठा करून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीओळीने बघा. फोटो सुधारायला लाइटरूम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर हीलिंगमधलं ‘व्हिज्युअलाइज स्पॉट्स’ चालू करा. मोबाईलवर कॉन्ट्रास्ट टोकाला न्या. हा फोटो जपून ठेवा, प्रत्येक पायरीनंतर नवा काढून त्याच्याशी ताडून बघायचा आहे.

ठिपक्याची खरी जागा शोधताना गोंधळ होतो, म्हणून एकदाच लक्षात ठेवा. कॅमेरा सरळ उभा, तोंड तुमच्याकडे, लेन्स काढलेली. फोटोत जो ठिपका वर डावीकडे आहे, तो सेन्सरवर खाली डावीकडे मिळेल. डावं-उजवं तसंच राहतं, फक्त वरचं खाली जातं.

आणि एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा: नेहमीच्या कामात हे ठिपके दिसतात का? लग्नं, माणसं, पक्षी एफ ४ ते एफ ८ ला काढणाऱ्याला कोपऱ्यातले दोन कण वर्षभर जाणवणार नाहीत. परीक्षेच्या फोटोत शून्य ठिपके हवेत हा हट्ट सेन्सरच्या मुळावर येतो. दोन ठिपके सॉफ्टवेअरमध्ये दहा सेकंदांत पुसले जातात.

तिसरी: कॅमेऱ्याची स्वतःची झटकणी

बहुतेक मिररलेसमध्ये सेन्सर किंवा त्यापुढची काच थरथरवून धूळ पाडण्याची सोय असते. ऑलिम्पसने २००३ च्या ई १ मध्ये ती पहिल्यांदा आणली. मेनूतून ‘सेन्सर क्लीनिंग’ चालवा, पण कॅमेरा टेबलावर सरळ, बूड खाली ठेवून. पाठीवर झोपवून चालवलं तर झटकलेला कण परत तिथेच बसतो. पाच वेळा चालवा आणि परीक्षेचा फोटो घ्या. कोरडी, सुटी धूळ एवढ्यानेच बरीचशी जाते. ओलसर कणाला याने काही होत नाही.

चौथी: टोपणं आणि लेन्सचं बूड

साफ केलेला सेन्सर चार दिवसांत पुन्हा घाण होतो तेव्हा दोष बहुधा इथे असतो. बॉडी कॅप खिशात ठेवली, लेन्सचं मागचं टोपण गडाच्या दगडावर ठेवलं, मग तीच धूळ बंद करून आत दिली. कॅमेरा बॅगेत हलला की ती सुटते आणि सेन्सरवर बसते.

दोन्ही टोपणं साबणाच्या पाण्याने धुवा, पंख्याखाली रात्रभर वाळवा, आतल्या खाचा बघा. लेन्सच्या मागच्या काचेवर ब्लोअर मारा, धातूची कडी कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. कॅमेऱ्याची माउंटची कडी पुसताना कॅमेऱ्याचं तोंड खाली आणि कापड कडीच्या बाहेर-बाहेर. पुढे लेन्स काढल्यावर बॉडी कॅप आणि मागचं टोपण एकमेकांना लावून ठेवायची सवय करा, म्हणजे दोघांची आतली बाजू झाकलेली राहते.

पाचवी: ब्लोअर

रबरी, मोठ्या फुग्याचा, मागे झडप असलेला घ्या. झडप नसलेला ब्लोअर पुढच्या तोंडानेच हवा ओढतो, म्हणजे कॅमेऱ्यातली धूळ आत घेऊन परत तिथेच सोडतो.

खोली बंद, पंखा बंद, दहा मिनिटं थांबा म्हणजे हवेतली धूळ खाली बसेल. बॅटरी पूर्ण भरलेली. शटर मिटणारा कॅमेरा असेल तर मेनूतली हाताने साफ करण्याची सोय निवडा, म्हणजे पाती उघडी राहतील. ब्लोअर आधी बाहेर सात-आठ वेळा दाबा, त्याच्यातली पावडर निघू दे. मग लेन्स काढा, कॅमेरा डोक्याच्या वर, तोंड जमिनीकडे. ब्लोअरचं टोक कडीच्या रेषेतच, आत अजिबात घालायचं नाही. आठ-दहा जोरदार दाब, टोक थोडं तिरकं, चारही कोपऱ्यांकडे. तोंड खालीच असताना लेन्स लावा. परीक्षेचा फोटो. हेच तीनदा करून बघा, तिसऱ्या फेरीतही कण सुटतात.

तोंडाने फुंकर नको, थुंकीचा थेंब धुळीपेक्षा चिवट डाग पाडतो. डब्यातली दाबाची हवा नको, तिचं द्रव काचेवर गोठून बसतं. गॅरेजातला किंवा पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर नकोच, त्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं.

हाताची थरथर सावरण्यासाठी सेन्सरच हलणारा कॅमेरा असेल तर बंद कॅमेरा हलवल्यावर आतून खडखड ऐकू येते. काही मॉडेलांत सेन्सर बंद असताना सुटा असतो, तो बिघाड नव्हे.

आपल्या भागातली पावडर

हा भाग सावकाश वाचा, कारण बाहेरच्या कुठल्याच पुस्तिकेत भंडारा नसतो.

भंडारा म्हणजे हळद. हळदीचा पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतो. सेन्सर साफ करायचं द्रव बहुधा अल्कोहोलचंच असतं. म्हणजे कोरड्या भंडाऱ्याच्या कणावर ओला स्वॅब (सेन्सर पुसायची सपाट टोकाची काडी) फिरवला की कण जात नाही, त्याचा रंग काचभर पसरतो. एक बारीक कण, आणि सेन्सरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिकट पिवळा पट्टा. पांढऱ्या भिंतीच्या फोटोत एक बाजू पिवळसर येऊ लागते आणि माणूस व्हाइट बॅलन्समध्ये चूक शोधत बसतो. जत्रेनंतर पहिले दोन दिवस फक्त ब्लोअर, दुसरं काही नाही. ठिपका पिवळाच दिसेल अशीही अपेक्षा धरू नका. सावलीच असल्यामुळे बहुधा राखाडीच दिसतो. कॅमेऱ्याच्या खाचांत, डायलच्या फटीत पिवळं दिसतंय का, यावरून ओळखा. दिसत असेल तर लेन्स काढण्याआधी बाहेरून मऊ ब्रशने पूर्ण साफ करा.

गुलाल बहुधा स्टार्चचा. कोरडा असताना ब्लोअरने जातो, पण दमट हवेत पाणी ओढून चिकटतो. विसर्जन भर पावसाळ्यात येतं, म्हणून मिरवणुकीनंतर कॅमेरा तसाच बॅगेत पंधरा दिवस ठेवू नका. दुसऱ्याच दिवशी ब्लोअर मारा.

खानापूर बाजूची तांबडी जांभ्याची माती आणि गोकाक-अथणीकडची काळी, दोन्ही बारीक आहेत, तरी तांबडी कोरडी सुटते आणि काळी ओलाव्यात चिकटते. नदीकाठच्या वाळूचं वेगळं: तिच्यातला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण आहे. मलप्रभेच्या किंवा कृष्णेच्या वाळवंटातून आल्यावर ठिपका काळाकुट्ट आणि टोकदार दिसत असेल तर त्याला काहीही घासू नका. ब्लोअरने गेला तर ठीक, नाहीतर थेट तंत्रज्ञ.

गळीत हंगामात पाचट जाळल्याची आणि कारखान्याच्या बॉयलरची राख हवेत असते. ती हलकी आहे, झटकणीनेच पडते. बोटाने किंवा कापडाने दाबली तर काजळीसारखी पसरते. गोकाकच्या धबधब्याजवळ, चोर्ला घाटात तुषार असताना लेन्स बदलली तर कण पाण्याचा असतो. तो वाळून कडेला गडद आणि मध्ये फिकट अशी कडी सोडतो. अशी कडी ब्लोअरने जात नाही.

सहावी: चिकट टोकाची काडी

जेल लावलेली काडी सुटे, कोरडे, हट्टी कण उचलते. फक्त टेकवायची आणि सरळ उचलायची, घासायची नाही. प्रत्येक टेकवणीनंतर सोबतच्या चिकट कागदावर साफ करायची. तेलकट किंवा पाण्याच्या डागावर वापरली तर स्वतःच डाग सोडते. स्वस्त, नाव नसलेली काडी नको. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला चालते असं तिच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. नाहीतर ही पायरी सोडून दिली तरी चालेल.

सातवी: ओली सफाई

ब्लोअर तीन फेऱ्या मारूनही पाण्याची कडी किंवा तेलकट ठिपका आहे, भंडारा नाही, वाळू नाही, एवढ्याच स्थितीत.

स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीएवढी हवी: फुल फ्रेमला (मोठा सेन्सर) २४ मिलिमीटर, एपीएससीला (त्याहून लहान) १६. रुंदी चुकली की मध्ये न पुसलेला पट्टा राहतो. स्वॅब हवाबंद पाकिटातले, प्रत्येक फेरीला नवा. कान साफ करायची कापसाची काडी, चष्म्याचं कापड, नेलपॉलिश रिमूव्हर, मेडिकलमधलं स्पिरिट, काच पुसायचा फवारा यांतलं काहीही नको. स्पिरिट वाळताना पांढरी साय सोडतं.

बॅटरी भरलेली असणं इथे जास्त महत्त्वाचं आहे. हाताने साफ करण्याच्या सोयीत असताना बॅटरी संपली तर शटर मिटणाऱ्या कॅमेऱ्यात ते स्वॅबवरच मिटू शकतं.

द्रवाचा एक थेंब स्वॅबच्या कडेला, फार तर दोन. सेन्सरवर थेंब थेट टाकायचा नाही, कडेतून फिल्टरच्या मागे उतरतो. पाच-दहा सेकंद थांबा, स्वॅब ओलसर हवा, गळका नको. एका कडेला टेकवा, टोक किंचित वाकेल एवढाच दाब, आणि दोन-तीन सेकंदांत न थांबता दुसऱ्या कडेपर्यंत. तिथे स्वॅब उलटा करा, दुसऱ्या बाजूने परत या. संपलं. तो स्वॅब कचऱ्यात, कितीही स्वच्छ दिसला तरी. तिसरा हात मारला की कडेची धूळ मध्ये येते.

एक मिनिटाने परीक्षेचा फोटो. समांतर पट्टे आले असतील तर द्रव जास्त झालं. नव्या स्वॅबवर अर्धा थेंब घेऊन एकदाच पुन्हा. दुसरी फेरी शेवटची.

इथे हात थांबवा

दोन ओल्या फेऱ्यांनंतरही ठिपका तिथेच असेल, रेसभरही हलला नसेल, तर तो फिल्टरच्या आतल्या बाजूला आहे किंवा ओरखडा आहे. पिवळा पट्टा पसरला असेल. काचेवर तिरप्या प्रकाशात केसाएवढी रेघ दिसत असेल. साफ केल्यानंतर दर शंभर-दोनशे फोटोंनी तेलकट ठिपके एकाच कोपऱ्यात येत असतील, म्हणजे शटरचं वंगण उडतंय. शटरचं पातं वाकलं असेल, सेन्सर एका बाजूला झुकलेला वाटत असेल, कॅमेऱ्यात पाणी गेलं असेल. यांपैकी काहीही असलं तरी पुढचा प्रयोग घरी करू नका, आणि हमी चालू असेल तर ओल्या सफाईच्या आधीच कंपनीला विचारा.

कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत केंद्र कुठे आहे ते बघा. गावातल्या दुकानात देणार असाल तर दोनच प्रश्न विचारा: मिररलेसचे सेन्सर साफ करता का, आणि आधी-नंतरचा एफ १६ चा फोटो दाखवाल का. दुसऱ्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे कॅमेरा ठेवू नका.

कुरिअरने पाठवताना लेन्स, बॅटरी, कार्ड काढून घ्या, धुतलेली बॉडी कॅप लावा, कॅमेरा स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून मग फोममध्ये. खोक्यात परीक्षेचा फोटो छापून ठेवा आणि ठिपका कशाचा असावा ते स्पष्ट मराठीत किंवा इंग्रजीत लिहा. भंडारा असेल तर ‘हळदीची पावडर, अल्कोहोल लावण्याआधी कोरडी काढा’ ही ओळ मोठ्या अक्षरांत. बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या टेबलावर बसलेल्या तंत्रज्ञाला सौंदत्तीची पुनव माहीत असेलच असं नाही.